काटा खोटं बोलतोय!

माझ्या बाइकचा पेट्रोलचा काटा कायम मजेत असायचा. टाकीत दोन लिटर असो नाहीतर दहा, साहेब आपले अर्ध्याच्या थोडं वर. चढावर तिथेच, उतारावर तिथेच, साइड स्टँडला कलती लावली तरी तिथेच. चावी बंद केली की खाली झोपायचा आणि चावी लावली की टुणकन पुन्हा अर्ध्याच्या वर. म्हणजे मेलेला नव्हता. फक्त खरं बोलत नव्हता.

गाडी सेकंडहँड. २०१४ चं मॉडेल, दीडशे सीसी, नंबर अर्थातच एमएच-२०. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण इतकी वर्षं ऊन-पावसात वापरलेल्या कुठल्याही गाडीचं हे होऊ शकतं. बजाजनगरमधल्या एका रिटायर्ड गृहस्थांकडून घेतली, अडतीस हजारांत. मुलीने बाइक बघायला यायचं म्हणजे सोबत भाऊ, मित्र, कुणीतरी असणारच, असं धरून ते बराच वेळ माझ्या मागे बघत होते. मागे कुणीच नाही म्हटल्यावर एकदम मोकळे झाले आणि गाडीचे सगळे दोष स्वतःहून सांगून टाकले. त्यातला पहिला दोष काटा.

‘‘काट्याकडं बघायचंच नाही. पेट्रोल किती टाकलं ते लिहायचं, ट्रिप मीटर शून्य करायचं आणि किलोमीटर मोजायचे. पेट्रोल भरलं की नॉब रिझर्व्हवरून परत ऑनवर. मी सहा वर्षं अशीच चालवली.’’

आणि सीटखालून त्यांनी एक खिशात मावेल एवढी डायरी काढली. तारीख, लिटर, रुपये, किलोमीटर. सहा वर्षांच्या नोंदी, बारीक अक्षरात, एकही खाडाखोड नाही. शेवटची नोंद ४६,३१८. मीटरवरचा आकडा ४६,३२१. खरं सांगू? मी गाडी घेतली ती त्या डायरीमुळे. जुन्या गाडीचं रनिंग खरं की फिरवलेलं, हे कळायला दुसरा काय मार्ग असतो आपल्याकडे? काट्यापायी त्यांनी दीड हजार कमी केले आणि व्यवहार झाला.

फ्रीलान्सरला गाडी का लागते, हे नऊ ते सहा नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण तरी सांगते. आज शेंद्र्याला एखाद्या कंपनीत मुलाखत, उद्या वेरूळ, परवा पैठण. मानधन येतं दोन महिन्यांनी आणि रिक्षावाला मागतो आत्ताच्या आत्ता. त्यामुळे बाइक म्हणजे माझं ऑफिस. आणि पहिले चार महिने डायरीची पद्धत झकास चालली. पंचेचाळीसचं ऍव्हरेज, पाच लिटर टाकलं की सव्वादोनशे किलोमीटर. काटा काय म्हणतो, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

डिसेंबरमध्ये वेरूळच्या गाइड मंडळींवर एक फीचर करत होते. अजिंठा-वेरूळ दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्या वेळी उमेदीत असलेली माणसं आता सत्तरीत. त्यांच्याशी बोलता बोलता संध्याकाळ झाली. खुलताबादवरून घाट उतरले, दौलताबादचा किल्ला अंधारात मागे टाकला आणि शरणापूर फाटा यायच्या आधीच गाडीने दोन आचके दिले. मला वाटलं, रिझर्व्हला लागली. हात खाली नेऊन नॉब चाचपला. तो आधीच रिझर्व्हवर होता.

ट्रिप मीटरवर ११८ किलोमीटर.

म्हणजे बघा, गाडी रिझर्व्हला लागल्यावर मी पाच लिटर टाकलं होतं. रिझर्व्हचं दीड धरून साडेसहा. त्यातलं ११८ किलोमीटरला जळणार फार तर पावणेतीन. उरलेलं जवळजवळ चार लिटर कुठे गेलं? मोबाइलच्या उजेडात वाकून बघितलं, तर कार्बोरेटरला जाणाऱ्या पाइपची क्लिप जागेवर नव्हती. पाइप नुसताच खोचलेला. आदल्या रात्री आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कुणीतरी नॉब रिझर्व्हवर केला होता, पाइप काढून पेट्रोल ओतून घेतलं होतं आणि सकाळी गाडी चालू व्हावी एवढं मागे ठेवलं होतं. चार लिटर, म्हणजे कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्या. चोर तसा समजूतदार म्हणायचा.

पण तेव्हा हसू येत नव्हतं. साडेसात वाजले होते, रस्त्याला दिवे नाहीत. दोन बाइक हळू झाल्या, बघून पुढे गेल्या. तिसरीवर दोघे होते. ते थांबले, ‘‘कुठं जायचंय?’’ म्हणाले. मी सांगितलं, भाऊ पाच मिनिटांत येतोय. मला भाऊ नाही. ते गेले, पण पुढच्या वळणावर त्यांचा लाल दिवा बराच वेळ तिथेच दिसत होता. तेवढ्यात मागून स्कूटरवर एक नवरा-बायको आणि मध्ये झोपलेलं पोरगं, असं कुटुंब आलं. काकू उतरून माझ्या मागे बसल्या आणि काकांनी फुटरेस्टला पाय लावून पंप येईपर्यंत माझी गाडी ढकलत आणली. सगळ्या रस्त्यात काकू एकच वाक्य तीनदा म्हणाल्या, ‘‘काटा नाही का गं गाडीला?’’

काटा होता. अर्ध्याच्या थोडा वर.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. डायरी सांगते, किती पेट्रोल असायला हवं. काटा सांगतो, किती आहे. हिशेब कितीही चोख ठेवा, टाकीतून कुणी चार लिटर काढून नेलं हे डायरीला कळणार कसं? पाइप गळतोय, ऍव्हरेज घसरलंय, पंपावर कमी टाकलंय, यातलंही तिला काही कळत नाही. ते फक्त टाकीच्या आत बसलेल्यालाच कळतं.

घरी आल्यावर आईने फार आरडाओरडा केला नाही. ती तशी करतच नाही. शांतपणे म्हणाली, ‘‘काटा नीट होईपर्यंत गाडी शहराबाहेर न्यायची नाही. नाहीतर विक आणि स्कूटी घे.’’ पुढच्या मंगळवारी मला पैठणला जायचं होतं, पैठणी विणणाऱ्यांच्या स्टोरीसाठी. एकाच दिवसाची वेळ मिळाली होती. म्हणजे हातात सहा दिवस.

पहिल्यांदा गेले एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये. तिथल्या मुलाने चावी लावली, काट्याकडे बघितलं, चावी काढली. निदान झालं! ‘‘मीटर असेंब्ली बदलावी लागेल. छत्तीसशे, लेबर वेगळं.’’ मी विचारलं, टाकी तपासली का? म्हणाला, ‘‘मॅडम, काटा मीटरमध्ये असतो.’’ लॉजिक सॉलिड आहे की नाही? ताप आला की थर्मामीटर बदला!

छत्तीसशे म्हणजे माझ्या दोन लेखांचं मानधन. पण पैशांपेक्षा मला दुसरंच खटकलं. माझ्या गाडीत स्पीडोमीटर, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा हे सगळं एकाच डब्यात आहे. डबा नवा बसवला की किलोमीटर शून्यापासून. सहा वर्षांची ती डायरी, तीन किलोमीटरच्या फरकाने मीटरशी जुळणारी, एका झटक्यात रद्दी! उद्या मी गाडी विकायला काढली आणि घेणाऱ्याने विचारलं, बारा वर्षांच्या गाडीचं रनिंग दोनशे किलोमीटर कसं? तर काय सांगायचं?

मग टीव्ही सेंटरजवळचं एक गॅरेज. तिथल्या मिस्तरींनी चावीसुद्धा लावली नाही. ‘‘टँक युनिट गया मॅडम. नया डालना पडेगा. भाई को भेज दो, समझा देता.’’ पुन्हा भाऊ! नसलेल्या भावाला या शहरात फार मान आहे. मिस्तरींचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता होती, पण तो अंदाजच होता. सातशेचं युनिट टाकायचं आणि काटा तरीही तिथेच राहिला तर?

आता हे शहर कुठलं आहे, ते लक्षात घ्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा प्लांट सुरू झाला. त्याच वर्षी एन्ड्युरन्सची सुरुवात इथेच झाली, पुढे व्हेरॉक आली आणि त्यांच्या मागे शेकडो लहान-मोठी वर्कशॉप्स उभी राहिली. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी माणूस असा असतो, ज्याने आयुष्यभर दुचाकीचा एखादाच पार्ट बनवलाय, नाहीतर तो बनवणारी मशीन दुरुस्त केलीय. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका आहेत. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला सव्वीस वर्षं काढली. मूळचे अंबडकडचे, त्यामुळे बोलणं अस्सल मराठवाडी. जिन्यात भेटले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. काकांनी एकच प्रश्न विचारला.

‘‘काटा बिघडलाय का फ्लोट, हे ठरवलं कुणी?’’

‘‘कुणीच नाही.’’

‘‘मग बदलायले काय? आधी मोजायचं, मग बदलायचं. रविवारी ये खाली. येताना मीटर घेऊन ये.’’

पैठण गेटजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून साडेतीनशेचा डिजिटल मल्टिमीटर आणला. दोन वायरी, एक लाल, एक काळी. मास कॉमच्या डिग्रीत हे काही शिकवत नाहीत. पण दहावीच्या विज्ञानातला ओहमचा नियम आठवत असेल, तर काम भागतं. नसेल आठवत तरीही भागतं.

पेट्रोलच्या काट्याची सगळी गंमत तीन तुकड्यांत आहे. डोळ्यांसमोर काटा. टाकीत फ्लोट, म्हणजे तरंगणारा ठोकळा. मध्ये वायर. फ्लोट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत नळ बंद करणारा जो गोळा असतो, त्याचाच हा चुलतभाऊ. तो एका बारीक दांड्याच्या टोकाला असतो. दांडा वर-खाली झाला की त्याचं दुसरं टोक एका छोट्या पट्टीवर घासत सरकतं. ती पट्टी विजेला अडवते, म्हणजेच रोध. कुठे कमी, कुठे जास्त. माझ्या गाडीत टाकी भरली की फ्लोट वर, रोध कमी, करंट जास्त, काटा वर. टाकी रिकामी झाली की सगळं उलट. बस्स, एवढंच. काट्याला बिचाऱ्याला पेट्रोल दिसत नाही. वायरीतून जे येतं, तेवढंच तो वाचतो.

‘‘साखळी कुठं तुटलीय हे शोधायचं तर टोकापासून सुरू करायचं नाही,’’ काका म्हणाले. ‘‘मधोमध धरायचं.’’

मधोमध म्हणजे टाकीच्या खाली, जिथे फ्लोटच्या दोन वायरी गाडीच्या वायरिंगला जोडलेल्या असतात, तो प्लास्टिकचा कनेक्टर. सीट काढली, टाकी मागून थोडी उचलली की तो हाताला लागतो. कनेक्टर सोडवला आणि चावी लावली. इंजिन चालू करायचं नाही, नुसती चावी. आणि काय सांगू! चार महिन्यांत पहिल्यांदाच काटा ‘ई’वर पडला. मग काकांनी वायरीचा एक तुकडा दिला. गाडीकडून येणाऱ्या कनेक्टरच्या दोन टोकांत तो खोचला. काटा हळूहळू उठला, अर्धा ओलांडला, पाऊण ओलांडला आणि थेट ‘एफ’वर जाऊन टेकला.

बॉस, त्या एका मिनिटात छत्तीसशे रुपये वाचले! काटा खालीही जातो आणि वरही जातो, म्हणजे काटा ठणठणीत. त्याच्यापर्यंत सिग्नल पोचतोय, म्हणजे मधली वायरिंगही ठणठणीत. दोन संशयित एका फटक्यात निर्दोष. राहिला कोण? आत बसलेला.

(एक सूचना. हा वायर जोडण्याचा प्रकार जुन्या पद्धतीच्या काट्यासाठी. तुमच्या गाडीत डिजिटल पट्ट्या असतील तर सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय काही जोडू नका. काही गाड्यांत काटा उलटाही फिरतो.)

आता फ्लोटची पाळी. मल्टिमीटर रोधावर ठेवून टाकीकडच्या दोन टोकांना लावला. चाळीस ओहम. गाडी गदागदा हलवली. चाळीस. डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली. चाळीसच. टाकीत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज येतोय आणि आकडा जागचा हलत नाही! वायर तुटली असती तर आकडाच आला नसता. आकडा येतोय पण बदलत नाही, याचा अर्थ फ्लोटचा दांडा कुठेतरी अडकून बसलाय. मिस्तरींचं बोट बरोबर जागी होतं, हे मान्य करायला हवं. पण ‘गया’ आणि ‘अडकला’ यात सातशे रुपयांचा फरक असतो.

टाकी उतरवायची म्हटल्यावर काकांचा आवाज बदलला. गाडी पार्किंगमधून बाहेर, उघड्यावर. बॅटरीची वायर काढलेली. शेजारी बांधकामाची बादलीभर वाळू. ‘‘फोन वर ठेवून ये. आणि आजूबाजूला कुणी बिडी ओढायलंय का बघ.’’ पेट्रोलपेक्षा त्याची वाफ जास्त धोक्याची असते, हे ते दोनदा म्हणाले. आधी पाइप काढून सगळं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. हेच काम त्या चोराने अंधारात बिनआवाज केलं होतं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. मग टाकी जुन्या गोधडीवर उलटी ठेवली. खालच्या बाजूला एक गोल पत्रा, त्याला चार नट, आठ नंबरचा पाना. समोरासमोरचे नट थोडे थोडे सैल करत गेलो, म्हणजे पत्रा वाकत नाही. पत्र्याखाली रबरी रिंग होती, ती फुगून ढिली झालेली. ती पुन्हा वापरायची नाही, नवीनच आणायची. चाळीस रुपयांची वस्तू आहे, पण ती गळली तर खाली गरम इंजिन असतं.

पत्रा अलगद वाकडा करून बाहेर काढला आणि गुन्हेगार हातात आला. करंगळीएवढा दांडा, टोकाला काळा फ्लोट. दांड्याच्या बिजागरीत गंजाची भुकटी आणि जुन्या पेट्रोलचा चिकट, मधासारखा थर. या दोघांनी मिळून दांडा चिकटवून टाकला होता, बरोबर अर्ध्याच्या थोडं वर! गाडी मध्यंतरी दोन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली नुसती उभी होती, असं आधीच्या मालकांनी सांगितलं होतंच. कधीतरी अर्धी-पाऊण टाकी असताना ती थांबली आणि काटा त्याच दिवशी थांबला. घड्याळ बंद पडावं तसा.

काका म्हणाले, ‘‘आता तर पेट्रोलमध्ये इथेनॉल असतंय. पाणी ओढतंय ते.’’ हे खरं आहे. २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठलं आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवतं, हेही खरं. पण माझ्या टाकीतल्या गंजाचं खापर मी त्याच्यावर फोडणार नाही. हा गंज जुना होता. एवढंच, की जुनी लोखंडी टाकी असेल तर गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका.

दुरुस्ती म्हणाल तर हास्यास्पद सोपी. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश आणि दहा मिनिटं. दांडा हलायला लागला. फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलेलं असेल तर खळखळ वाजतं आणि मग तो तरंगत नाही. वाजलं नाही. मग पुन्हा मल्टिमीटर. दांडा खाली, ९६ ओहम. दांडा वर, ९ ओहम. मस्त! पण मध्ये एका जागी आकडा गायब व्हायचा. पट्टीवर काळपट डाग होता. काकांनी वरच्या मजल्यावरून नातवाचं खोडरबर मागवलं. हो, पेन्सिलचं खोडरबर! हलक्या हाताने चार वेळा घासलं, डाग गेला, आकडा सलग सरकायला लागला. नऊपासून शहाण्णवपर्यंत, एकही उडी नाही. टाकी थोड्या पेट्रोलने विसळून काढली तेव्हा चहाच्या भुकटीसारखा गंज पडला. सोमवारी नवी रिंग आणून बसवली. एकूण खर्च, स्प्रे एकशेऐंशी आणि रिंग चाळीस. मल्टिमीटरचे साडेतीनशे मी खर्चात धरत नाही, तो आता माझा आहे.

खरी मजा यानंतर आली. काका म्हणाले, ‘‘काटा हलायला लागला म्हणजे खरं बोलायला लागला असं नाही. त्याची भाषा शिकून घे.’’ म्हणून सोमवारीच, गर्दी नसताना, कॅनमधलं पेट्रोल काकांकडे ठेवून मी जेमतेम लिटरभर पेट्रोलवर पंपावर गेले आणि एकेक लिटर टाकायला सांगितलं. लिटर टाकायचं, नोझल बाजूला, झाकण बंद, गाडी चार पावलं पुढे ढकलायची, चावी लावायची, काटा बघायचा, डायरीत लिहायचं. पंपावरच्या पोराने आधी मला सरळ वेड्यात काढलं. पाचव्या लिटरला तोच मान वाकवून काटा बघायला लागला. सातव्याला त्याने दुसऱ्या पोराला हाक मारली.

निष्कर्ष असा, की अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी नव्हे. बाइकची टाकी ही काही चौकोनी डबा नाही. मधोमध चॅसिस जायला खाच असते, खाली ती निमुळती, वर फुगीर. शिवाय दांडा सरळ वर जात नाही, गोलाईत फिरतो. माझ्या बारा लिटरच्या टाकीत पहिल्या दोन लिटरला काटा ढिम्म हलत नाही. चार लिटरला पाव. साडेसहाला अर्धा. साडेदहाला तो ‘एफ’ला टेकतो आणि पुढचं दीड लिटर तिथेच. म्हणूनच टाकी फुल केल्यावर पहिले साठ-सत्तर किलोमीटर काटा हलत नाही आणि आपण गाडीच्या ऍव्हरेजवर खूश होतो!

आणि ‘ई’ म्हणजे रिकामी, हेही खरं नाही. आपल्याला हे खरं तर माहीत असायला हवं. पावसाळ्यात आपण सगळे सकाळी पेपर उघडून आधी काय बघतो? जायकवाडी किती टक्के. १५२२ फूट म्हणजे फुल, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण तो टक्का मोजतात फक्त वरच्या, वापरायच्या पाण्याचा. धरणात एकूण मावतं २९०९ दशलक्ष घनमीटर आणि त्यातलं ७३८ तळातला मृतसाठा. टक्केवारीत तो धरतच नाहीत. २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडी शून्याच्या खाली गेलं, तेव्हा शहराने प्यायलं ते या रिझर्व्हमधलंच पाणी. नाथसागराला रिझर्व्हचा नॉब नाही, एवढाच फरक.

काकांच्या पिढीला हे काट्याचं प्रकरण म्हणजे लाडच वाटतात. त्यांच्याकडे चेतक होती. काटा नाही. झाकण उघडून आत डोकवायचं, गाडी हलवून लाट बघायची. पेट्रोल संपलं की स्कूटर एका अंगावर आडवी करायची, पुन्हा उभी करायची, दोन किलोमीटर नक्की मिळायचे. ‘‘काटा नव्हता म्हणून कुणी अडकलं नाही,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, काका, तुम्ही रात्री साडेसातला शरणापूरला अडकला असता तर ती गंमत झाली असती. माझी झाली नाही. यावर ते गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘हे मात्र बरोबर आहे, बाई.’’

मंगळवारी पैठणला गेले. जाताना काटा पाऊणच्या खाली, येताना बिडकीनजवळ अर्ध्यावर. डायरीचा हिशेब आणि काटा, दोघांचं एकमत. घरी पोचल्यावर आईने गाडीची चावी मागून घेतली, खाली गेली, चावी लावून स्वतः काटा बघून आली. बोलली काहीच नाही.

आता रोज रात्री गाडी लावताना काटा कुठे होता ते मी डायरीत लिहिते आणि सकाळी पुन्हा बघते. पंधरा दिवसांनी एका सकाळी काटा अर्ध्यावरून पावाच्या जरासा वर आलेला. नॉब रिझर्व्हवर. या वेळी मला अंधाऱ्या रस्त्यावर नाही, पार्किंगमध्येच कळलं, तारखेसकट. रविवारच्या सोसायटी मीटिंगमध्ये डायरी उघडून दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या आणि पार्किंगमध्ये कॅमेरा हवा म्हटलं. सेक्रेटरी नेहमीप्रमाणे ‘फंड नाही’ म्हणणार, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक बँकवाले सर हळूच म्हणाले, ‘‘एक मिनिट. माझ्या गाडीचं ऍव्हरेज कमी झालंय म्हणून मी दोनदा सर्व्हिसिंग करून घेतलं.’’

मग आणखी दोघांनी हात वर केले.